पैसे कोणाच्या खात्यात पडतात?

वसई-विरारच्या पट्ट्यात जोडधंदा नवा नाही. पश्चिमेकडच्या वाड्यांमधून भाजी, फुलं, केळी आणि खायची पानं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारात गेली आहेत. आगाशीची सुकेळी तर नाव मिळवून बसली आहेत. त्या जुन्या धंद्यांच्या शेजारी आता इमारतींतल्या घरगुती धंद्यांची मोठी रांग उभी आहे. कुणी डबे पुरवतं, कुणी दिवाळीचा फराळ आणि नाताळचे केक करतं, कुणी ब्लाउज शिवतं, मेंदी काढतं, शिकवण्या घेतं. घरातला एकजण पहाटेच्या लोकलने चर्चगेट गाठतो आणि मागे घरात दुसरी कमाई आकार घेत असते. काही वेळा नोकरी करणारी व्यक्तीच शनिवार-रविवारी आपला माल विकते. असा धंदा सुरू झाला की पहिल्या आठवड्यातच प्रश्न येतो, की पैसे कशावर घ्यायचे, गूगल पेवर, फोनपेवर की पेटीएमवर? शेजारीपाजारी, भाचे-पुतणे आणि दारावर येणारे कंपन्यांचे प्रतिनिधी आपापलं उत्तर देतात. मला मात्र वाटतं की या सगळ्या निवडीत अ‍ॅपची निवड सर्वांत कमी महत्त्वाची आहे. पैसा अखेर कोणत्या बँकेत, कोणाच्या नावाच्या खात्यात आणि कोणत्या प्रकारची नोंद करून पडतो, यावर धंद्याचं बरंवाईट ठरतं. आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही.

अ‍ॅप गौण का, हे आधी पाहू. युपीआय ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली सुरू केली आणि तिचा पायाच असा ठेवला की कोणत्याही अ‍ॅपवरून कोणत्याही बँकेतल्या खात्यात पैसे जावेत. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये कंपन्यांना आपापल्यापुरते चालणारे नवे क्यूआर काढायला मनाई केली आणि मार्च २०२२ पर्यंत सगळे क्यूआर परस्परांना चालतील असे करून घ्यायला सांगितले. म्हणून आज फोनपेचा जांभळा कागद भिंतीवर असला तरी गिऱ्हाईक गूगल पेने, भीमने किंवा स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपने पैसे भरू शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये युपीआयवर एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. त्यांतले बहुतेक दोनच अ‍ॅपवरून होत असले, तरी विकणाऱ्याला त्या दोनांपैकी एक निवडल्याने एकही गिऱ्हाईक जास्त मिळत नाही की कमी होत नाही. स्टेशनबाहेरच्या टपरीवर एकाशेजारी एक चिकटवलेले तीन-चार क्यूआर दिसतात. ते गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी आहेत असा समज आहे, पण त्यातून एवढंच होतं की विक्री तीन हिशेबांत विखुरते.

हे सगळं इतकं सोपं व्हायच्या आधी काय होत होतं, याचा नमुना जवळच आहे. नोटाबंदीनंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी, १ डिसेंबर २०१६ रोजी, मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले होते, बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रं दिली. पुढे व्यवहार पुन्हा रोखीवर आल्याच्या बातम्याही छापून आल्या. त्यात धसईकरांना हसण्यासारखं काही नाही. कार्डाच्या यंत्राला चार्जिंग लागतं, नेटवर्क लागतं, कागदाचं रीळ लागतं आणि प्रत्येक विक्रीमागे बँकेला काहीतरी द्यावं लागतं. वडापाववाल्याला यातलं काहीच परवडत नाही. जे काम यंत्राने झालं नाही ते नंतर छापील कागदाच्या तुकड्याने केलं, कारण यंत्राचा खर्च गिऱ्हाइकाच्या फोनवर गेला आणि १ जानेवारी २०२० पासून युपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचं व्यापाऱ्याचं शुल्क सरकारने शून्य केलं. छोट्या धंद्यासाठी युपीआय हे पहिलं साधन का असावं, याचं कारण या शून्यात आहे.

आता बँकेचा प्रश्न. क्यूआर ही नुसती वाट आहे, पैसा थांबतो तो खात्यात. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्चनंतर तिथल्या खात्यात नवे पैसे जमा होणं बंद झालं. पेटीएमचा क्यूआर असूनही ज्यांचं मूळ खातं दुसऱ्या एखाद्या बँकेत होतं, त्यांचं काही अडलं नाही. ज्यांनी खातंच पेमेंट्स बँकेत ठेवलं होतं, त्यांना धावपळ करून दुसरं खातं जोडावं लागलं. कागद एकच, निळाही तोच, फरक फक्त मागच्या खात्याचा. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी मिळून एक हजार रुपयेच काढता येणार होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेत सुरुवातीला तेवढेही काढता येत नव्हते. पुढे या दोन्ही बँका दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या, पण धंद्याचं खेळतं भांडवल विलीनीकरणाची वाट पाहू शकत नाही. उद्याच्या डब्यांची भाजी आज आणायची असते.

यातून सहकारी बँका वाईट असा निष्कर्ष काढायचा नाही. वसईत तर तो कुणी मान्यही करणार नाही. पापडीला मुख्यालय असलेली बॅसीन कॅथॉलिक बँक १९१८ पासून इथे आहे. ओळखीचा माणूस काउंटरपलीकडे असणं ही सोय मोठ्या बँकांच्या अ‍ॅपमध्ये नाही. छोटं कर्ज मागताना तर ती ओळख फार उपयोगी पडते. मुद्दा वेगळा आहे. घराची बचत आणि धंद्याची उलाढाल एकाच बँकेत, एकाच खात्यात असली की एका निर्बंधाने दोन्ही थांबतात. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे, पण विम्याचे पैसे मिळायलाही वेळ जातो. म्हणून धंद्याला वेगळं खातं हवं, आणि ते जमल्यास बचतीच्या बँकेहून वेगळ्या बँकेत हवं. चालू खात्याचीच गरज असते असंही नाही. किमान शिल्लक सांभाळणं जड जात असेल तर लहान विक्रेत्यांना बचत खात्यावरही व्यापारी क्यूआर मिळतो. मात्र तो घेताना एक प्रश्न थेट विचारावा, की पैसे लगेच खात्यात येणार की दुसऱ्या दिवशी? बँकेचा स्वतःचा क्यूआर असला तर बहुधा लगेच येतात, मधल्या कंपनीचा असला तर कधी कधी दिवसभराची विक्री एकत्र करून नंतर जमा होते. रोज सकाळी माल उचलणाऱ्याला हा एका रात्रीचा फरक जाणवतो.

सगळ्यांत नाजूक प्रश्न नावाचा. घरगुती धंद्यात राबणारे हात बहुतेक वेळा बाईचे असतात आणि क्यूआर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याचा असतो. कारण साधं असतं. फोन त्याचा चांगला, खातं त्याचं आधीपासून जोडलेलं, आणि ‘घरातलेच तर पैसे आहेत’. घरापुरतं ते खरं असेलही. बँकेच्या आणि प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत मात्र तीन वर्षं डबे करणाऱ्या बाईची कमाई शून्य दिसते आणि नोकरदार मुलाच्या पगाराशिवाय त्याच्या खात्यात रोज पन्नास-शंभर रुपयांच्या जमा दिसतात, ज्यांचा खुलासा त्याला करता येत नाही. उद्या तिने मोठा गॅस, फ्रीज किंवा शिलाईयंत्रासाठी कर्ज मागितलं तर दाखवायला काही नाही. सरकारची उद्यम नोंदणी मोफत आहे आणि ती आधार व पॅनवर होते. पण त्या नोंदणीला जोड द्यायला खात्याचा उतारा लागतो आणि तो तिच्याच नावाचा असावा लागतो. पथविक्रेत्यांच्या स्वनिधी योजनेतही २०२० पासून पहिलं छोटं कर्ज फेडलं की पुढचं मोठं, आणि डिजिटल व्यवहारांवर थोडा कॅशबॅक, अशीच रचना आहे. म्हणजे नोंदीला भाव आहे, आणि आपल्या घरांत ती नोंद चुकीच्या माणसाच्या नावावर जमा होते आहे.

यावर आक्षेप येतो की तिला अ‍ॅप वापरता येत नाही, फसेल. पैसे घ्यायला अ‍ॅप वापरावं लागतच नाही, हे त्याचं उत्तर. क्यूआर कागदावर असतो, जमा झाल्याचा संदेश बँकेकडून येतो, आणि वाचायची अडचण असेल तर मराठीत बोलणारा साउंडबॉक्स मिळतो. हाती साधा, बटणांचा फोन असला तरी युपीआयची १२३पे ही सोय मार्च २०२२ पासून आहे. अडचण येते ती पैसे देताना आणि पासवर्ड सांभाळताना, ती शिकवावी. खातं मात्र पहिल्या दिवसापासून तिचंच असावं.

क्यूआर वैयक्तिक की व्यापारी, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. आपल्या रोजच्या अ‍ॅपमधला स्वतःचा क्यूआर छापून भिंतीला लावला तरी पैसे येतातच, मग पॅन वगैरे देऊन व्यापारी क्यूआर कशाला? एक कारण लगेच दिसतं. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड युपीआयला जोडता येतं, पण त्यावरून फक्त व्यापाऱ्यालाच पैसे देता येतात. वैयक्तिक क्यूआर स्कॅन केला की व्यवहार नाकारला जातो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कार्डावर खरेदी करणारं गिऱ्हाईक अशाने हातचं जातं. लहान व्यापाऱ्याला दोन हजारांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्कही नाही. दुसरं कारण अधिक गंभीर आहे आणि ते जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात सगळ्यांनी पाहिलं. तिथल्या वाणिज्य कर विभागाने २०२१-२२ पासूनच्या युपीआय जमांवरून हजारो लहान व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. बंगळूरच्या दुकानांवर ‘युपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं की जमा रकमेत नातेवाइकांकडून आलेले आणि उसने घेतलेले पैसेही धरले आहेत, शिवाय दूध-भाजीसारख्या करमुक्त मालाची विक्रीही. सरकारला अखेर माघार घ्यावी लागली. तरी ज्याचं धंद्याचं खातं वेगळं आणि व्यापारी होतं, त्याला पहिल्याच दिवशी उत्तर देता आलं असतं.

या प्रकरणातून लोकांनी काढलेला धडा मला उलटा वाटतो. तो असा, की डिजिटल घेतलं की कर लागतो, म्हणून रोख बरी. कर विक्रीवर आणि नफ्यावर लागतो, पैसे घेण्याच्या पद्धतीवर लागत नाही. मालाच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला ४० लाख रुपये आहे आणि सेवांना २० लाख. डबे आणि केटरिंग सेवेत धरले जातात. महिन्याला पंधरा हजारांची विक्री करणाऱ्याची वर्षाची उलाढाल १ लाख ८० हजार होते. ती या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यालाही पोचत नाही. प्राप्तिकरात तर डिजिटलकडे उघड झुकतं माप आहे. लहान धंद्यांसाठीच्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत रोख विक्रीचे किमान ८ टक्के उत्पन्न धरावं लागतं, बँकेतून आलेल्या विक्रीचे किमान ६ टक्के. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा हे ओघाने आलंच, आणि दलाली-कमिशनच्या कामाला ही सोय नाही. नोकरदाराने एवढं लक्षात ठेवावं की जोडधंद्याचं उत्पन्न आलं की विवरणपत्राचा नेहमीचा सोपा नमुना चालत नाही. ज्याला उत्पन्न दडवायचंच आहे त्याला रोख सोयीची, हे खरं. पण एवढ्या लहान धंद्यात दडवण्यासारखं मुळात फारसं नसतं आणि दडवण्याच्या नादात कर्जाचा पुरावा हातचा जातो.

फसवणुकीबद्दल मात्र लोकांची भीती पोकळ नाही. स्कॅन केल्यासारखं करून खोटा स्क्रीनशॉट दाखवणं, हुबेहूब दिसणाऱ्या बनावट अ‍ॅपवर हिरवी खूण दाखवणं, रात्रीतून दुकानाच्या क्यूआरवर दुसरा क्यूआर चिकटवणं हे प्रकार सगळीकडे होतात. घरगुती ऑर्डर घेणाऱ्यांसाठी आणखी एक ठरलेलं सोंग आहे. ‘मी लष्करात आहे, जवानांसाठी शंभर डबे हवेत, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असा फोन येतो. पैसे घेण्यासाठी कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. ऑक्टोबर २०२५ पासून माणसा-माणसांतली युपीआयवरची ‘पैसे मागण्याची’ विनंती बंद केली आहे, पण क्यूआर पाठवून गंडवायची वाट उघडीच आहे. फसलात तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचं. याची दुसरी बाजूही आहे. कुणा भामट्याने चोरीच्या पैशातून तुमच्याकडून केक नेला तर तपासात तुमच्या खात्यावर बोट येऊ शकतं आणि रक्कम गोठवली जाऊ शकते. तेव्हा ऑर्डरचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि हाताने लिहिलेलं साधं बिलही कामी येतं. घरखर्चाचं खातं वेगळं असेल तर चूल तरी चालू राहते.

साउंडबॉक्स या भीतीवरचा उतारा म्हणून विकला जातो, आणि ज्याचे हात कणकेत किंवा मासळीत आहेत त्याला तो खरंच उपयोगी आहे. अर्नाळ्याच्या बाजारात गर्दीच्या वेळी प्रत्येक जमेसाठी फोन पाहणं शक्य नाही. पण त्याचं भाडं हिशेबात धरा. समजा महिन्याला १२५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४७ रुपये ५० पैसे. महिन्याची विक्री साठ हजार असेल तर हा खर्च पाव टक्क्याच्या आसपास राहतो. विक्री पंधरा हजार असेल तर जवळजवळ एक टक्का. ‘मोफत’ युपीआय मग कार्डाइतकंच महाग पडतं. दिवसाला चार-पाच ऑर्डर घेणाऱ्याला बँकेचा संदेश पुरेसा आहे. त्या यंत्राबरोबर रोजच्या विक्रीतून हप्ता कापून घेणारी कर्जंही देऊ केली जातात. हप्ता रोजचा असल्याने तो लहान दिसतो, व्याजाचा वार्षिक दर विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

कार्डाचं यंत्र आणि इंटरनेटवरचा पेमेंट गेटवे यांची वेळ फार थोड्या जोडधंद्यांवर येते. वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यासाठी डेबिट कार्डाच्या शुल्काला २०१८ पासून ०.४० टक्क्याची कमाल मर्यादा आहे. क्रेडिट कार्डाचं शुल्क त्याहून बरंच जास्त असतं. लग्नाच्या मेकअपची किंवा भरजरी ब्लाउजांची बिलं मोठी असतील आणि गिऱ्हाईक कार्डच पुढे करत असेल तर ठीक. गेटवेवाले साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतात. दीड हजाराच्या केकमागे ३५ रुपये ४० पैसे गेले. आखातात किंवा कॅनडात असलेल्या मुलाने वसईतल्या आईसाठी केक मागवायचा असेल, तरी गेटवे लागतोच असं नाही. २०२३ पासून अशा काही देशांतल्या मोबाइल क्रमांकांना एनआरई किंवा एनआरओ या अनिवासी खात्यांवरून युपीआय वापरायची परवानगी आहे, आणि परदेशातल्या मुलांचं असं खातं बऱ्याच घरांत आधीच असतं.

रोख पूर्ण सोडावी असं मी म्हणणार नाही. १२ एप्रिल २०२५ रोजी, ऐन शनिवारी, देशभर युपीआय अडखळलं होतं. त्याआधी २६ मार्चलाही. बॅटरी संपते, बँकेचा सर्व्हर झोपतो, लोकलच्या गर्दीतून उतरलेल्या गिऱ्हाइकाला थांबायला वेळ नसतो. युपीआय लाइटने हजारापर्यंतची रक्कम पिनशिवाय पटकन जाते, तरी सुट्ट्या पैशांचा डबा हाताशी हवाच. म्हाताऱ्या माणसांना रोखच द्यायची असते आणि त्यांना परत पाठवणं धंद्याला शोभत नाही. अट एवढीच, की आठवड्याची रोख विक्री वहीत लिहावी आणि त्याच धंद्याच्या खात्यात भरावी. नाहीतर उताऱ्यात अर्धाच धंदा दिसतो.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो खरा वजनदार आहे. हे फुकट किती दिवस? युपीआय चालवायला पैसे लागतात. छोट्या व्यापाऱ्यांकडच्या व्यवहारांसाठी सरकार बँकांना प्रोत्साहन रक्कम देतं, २०२४-२५ साठी ती सुमारे १,५०० कोटी होती. जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने युपीआयवर शुल्क येणार असल्याच्या बातम्या फेटाळल्या, आणि पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी हा खर्च कुणीतरी उचलावा लागेल असं सांगितलं. शुल्क येऊ शकतं, हे धरूनच चालावं. पण आलं तर किती, याचा अंदाज बांधायला जुना दाखला आहे. क्यूआरवरून डेबिट कार्डाने पैसे घेणाऱ्या लहान व्यापाऱ्यासाठी २०१८ साली कमाल शुल्क ०.३० टक्के ठरवलं गेलं. तोच दर युपीआयला लागला असं धरलं तर पंधरा हजारांच्या विक्रीवर महिन्याला ४५ रुपये होतात. साउंडबॉक्सच्या भाड्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी, आणि ते भाडं आज लोक बिनतक्रार भरताहेत.